स्केल मॉडेल बनवताना हात, डोळे आणि फुफ्फुसं कशी सांभाळायची

स्केल मॉडेलिंग, म्हणजे रणगाड्यासारख्या खऱ्या वस्तूंच्या प्रमाणात लहान प्रतिकृती जोडून रंगवायचा छंद, सुरू करणारा जो तो आधी विचारतो की कुठलं किट घेऊ, रंग कुठले घेऊ, एअरब्रश (हवेनं रंग फवारायचं छोटं पेन) आत्ताच घेऊ का नंतर. बँडेज आणि गॉज कुठं ठेवू असं कोणी विचारत नाही, आणि बऱ्याचदा पहिल्याच किटला ते लागतं. छंद दिसायला अगदी शांत, एका जागी बसून करायचा, त्यामुळं घरचेही निर्धास्त असतात. पण टेबलावर काय काय असतं ते बघा. मेडिकलमधून आणलेलं ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड, कातडी काही सेकंदात चिकटवणारा गोंद, ठिणगीनं भडकणारं थिनर, साडेतीनशे डिग्रीला तापलेलं सोल्डरिंग आयर्न.

नुसतं "जपून कर" सांगून काही होत नाही. जपून सगळेच करतात, पण दोन तास मान खाली घालून १/३५ मापाच्या (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढ्या) रणगाड्याच्या ट्रॅकच्या कड्या साफ केल्या की लक्ष कमी होणारच, ते कोणाच्याच हातात नाही. म्हणून माझं म्हणणं असं की चाकू सटकणार, बाटली कलंडणार, तुकडा उडणार हे धरूनच चालायचं आणि बसायची जागा, पकडायची पद्धत आधीच अशी ठरवायची की सटकला तरी पुढं बोट नाही, मांडी नाही, डोळा नाही. खालचं सगळं याच हिशोबानं लिहिलंय.

ब्लेड

सगळ्यात जास्त जखमा इथंच होतात आणि बहुतेक एकाच पद्धतीनं होतात. पार्ट स्प्रूवरून (किटमधले पार्ट ज्याला जोडून येतात ती प्लास्टिकची चौकट) तोडला की त्याच्यावर प्लास्टिकचा छोटा खुंट राहतो. पार्ट डाव्या हाताच्या चिमटीत धरायचा आणि बटाटा सोलतो तसा चाकू अंगठ्याकडं ओढायचा, ही सवय आपल्याला स्वयंपाकघरातून लागलेली असते. खुंट जाड असतो, ब्लेड अडतं, आपण जोर वाढवतो, आणि खुंट एकदम सुटला की तो सगळा जोर घेऊन ब्लेड थेट अंगठ्याच्या पेरात जातं. ११ नंबरचं टोक इतकं निमुळतं असतं की जखम बाहेरून बारीक दिसते पण आत खोल गेलेली असते.

यावर उपाय म्हणजे हातात धरून कापणंच बंद करायचं. निपरनं (छोटी कापायची पक्कड) तोडताना मुद्दाम एक मिलिमीटरभर खुंट ठेवा, मग पार्ट कटिंग मॅटवर टेकवून वरून खाली, पातळ पातळ चकत्या काढत कापा, शेवटचा जो अगदी बारीक भाग उरतो तो ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून टाका. पार्ट गोल असेल, मॅटवर राहत नसेल तर ब्लू टॅकच्या (पुन्हा पुन्हा चिकटणारी मऊ पुट्टी) गोळ्यात रोवा. ब्लेडच्या पुढच्या सरळ रेषेत धरणाऱ्या हाताचं एकही बोट नको, एवढा एक नियम पाळला तरी निम्म्याहून जास्त जखमा टळतील असं मला वाटतं.

बोथट ब्लेड हे धारदार ब्लेडपेक्षा वाईट, कारण त्याला जोर लावावा लागतो. सर्जिकल ब्लेड स्वस्त असतं, काटकसर इथं करू नका. फक्त ते हँडलवरून काढताना जपा, तीन नंबरच्या हँडलची खाच घट्ट असते आणि ओल्या बोटांनी ओढलं की हात सटकतो. बारीक पक्कड घ्या, ब्लेडची मागची बाजू किंचित उचला आणि टोक स्वतःपासून लांब, भिंतीकडं ठेवून पुढं सरकवा. ही ब्लेडं पातळ असल्यामुळं आडवी वाकवली की टोक तुटून उडतं, तेव्हा त्यांनी काही उचकटायला जाऊ नका, त्याला जुना स्क्रूड्रायव्हर वापरा.

तुकडे मोडता येणारा कटर जपानमध्ये ओसाकाच्या योशिओ ओकादांनी १९५६ मध्ये काढला, चॉकलेटच्या वड्या जशा रेघेवर तुटतात त्यावरून. धार गेली की तुकडा मोडायचा आणि नवी धार घ्यायची हीच त्याची सगळी गंमत, पण आपल्याकडं लोक एकच टोक महिनोन् महिने वापरतात आणि धार नाही म्हणून पातं लांब बाहेर काढून दाबतात. लांब काढलेलं पातं वाकतं आणि रेघेवर नको तेव्हा तुटतं. एक किंवा दोनच तुकडे बाहेर काढा, आणि मोडताना टोक पकडीत धरून, खाली वळवून, डब्यात मोडा.

स्टीलपट्टी धरून सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड) किंवा प्लास्टिक शीट कापताना वेगळा प्रकार होतो. पट्टी दाबणारं बोट कडेच्या बाहेर डोकावत असतं, पातळ पट्टीवर ब्लेड चढतं आणि बोटाच्या टोकाची चकती काढतं. आर्किटेक्चरच्या मुलांना हे नीट माहीत असेल, सबमिशनच्या आदल्या रात्रीची ठरलेली जखम आहे ती. पट्टी जाड घ्या किंवा मधे उंच कडा असलेली घ्या, बोटं उंचवट्याच्या मागं. आणि पॉलिस्टायरीनची (किटमध्ये असतं तसंच प्लास्टिक) पातळ शीट आरपार कापायची गरजच नसते, दोनतीन हलक्या रेघा मारा, रेघेवर वाकवा, सरळ तुटते. सनबोर्डलाही एका दमात कापायला जाऊ नका, चारपाच हलके फेर मारा.

गोल हँडलचा चाकू टेबलावरून घरंगळतो, टोक जड म्हणून टोकावरच पडतो. आपण खुर्चीत असलो की नकळत दोन्ही मांड्या जवळ घेतो, काहीतरी पडतंय ते झेलायला, आणि चाकू मांडीत घुसतो. आपल्यातले कितीतरी जण तर जमिनीवर मांडी घालून, पुढं चौरंग किंवा बैठं टेबल घेऊन बसतात, म्हणजे उघडी पावलं आणि पोटऱ्या थेट चाकूच्या खाली. हँडलला एक खोडरबर खुपसून ठेवा किंवा जाड रबरबँड गुंडाळा म्हणजे घरंगळणार नाही. जमिनीवर बसणाऱ्यांनी मांडीवर जाड जीन्सचा तुकडा किंवा लाकडी ट्रे घ्या. आणि पडणारा चाकू कधीही झेलायचा नाही, हात वर उचलायचे, पाय मागं, पडू दे त्याला.

कापलंच तर

पार्ट ठेवा खाली, चाकू ठेवा, नळाखाली जखम धुवा. मग स्वच्छ गॉज किंवा धुतलेलं सुती फडकं ठेवून घट्ट दाबा आणि हात छातीच्या वर धरा. घड्याळ लावून दहा मिनिटं. मधेमधे उचलून "थांबलं का" बघायचं नाही, प्रत्येक वेळी उचललं की नुकतीच धरलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. बोटाला दोरी किंवा रबरबँड आवळू नका. हळद, कॉफी, चुना काही भरू नका. घरची मंडळी प्रेमानं हळद घेऊन येतात, पण टाके घालायची वेळ आली तर डॉक्टरांना ती सगळी खरवडून काढावी लागते आणि त्यानं त्रास आपल्यालाच होतो.

रक्त थांबल्यावर तीन गोष्टी बघा. बोटाचं प्रत्येक पेर वेगवेगळं वाकतंय आणि सरळ होतंय का. जखमेच्या पुढच्या भागाला कापसानं हलकं टेकवलं तर दुसऱ्या बोटाइतकंच कळतंय का. जखमेचे काठ आपोआप जुळताहेत का उघडे राहताहेत. वाकत नसेल तर स्नायूचा दोर तुटलेला असू शकतो, बधिर असेल तर नस, आणि हे दोन्ही बाहेरून जखम लहान दिसत असतानाही होतं, म्हणून "एवढंसं तर आहे" म्हणून उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, जमलं तर हाताचा सर्जन असलेलं हॉस्पिटल. दहा मिनिटं नीट दाबूनही वाहत असेल तरी जा.

टोकाचा तुकडाच निघाला असेल तर तो ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा, तुकडा थेट बर्फाला लागता कामा नये.

धनुर्वाताचं इंजेक्शन आपण प्रत्येक ओरखड्याला घेतो किंवा मग कधीच घेत नाही. लहानपणचा कोर्स पूर्ण असेल तर स्वच्छ किरकोळ जखमेला शेवटच्या डोसला दहा वर्षं झाली असली तर, आणि खोल किंवा मळकट जखमेला पाच वर्षं झाली असली तर घ्यायचं असतं. शेवटची तारीख फोनमध्ये लिहून ठेवा, दवाखान्यात विचारतात.

फेविक्विक लावून जखम बंद करायचा सल्ला कोणीतरी हमखास देतो. हॉस्पिटलमध्ये कातडी चिकटवायचा गोंद वापरतात हे खरं आहे आणि तोही फेविक्विकसारखाच सायनोअॅक्रिलेट नावाच्या रसायनाचा, पण त्याची जात वेगळी, निर्जंतुक केलेला. दुकानातला लवकर आणि गरम होऊन घट्ट होतो, जखमेत जळजळ करतो, आतली घाण आतच बंद करतो. नको.

सुपरग्लू

सुपरग्लू म्हणजे फेविक्विकसारखा गोंद, हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतो, म्हणून पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडं अजूनच पटकन धरतो. बोटं चिकटली तर ओढायचं नाही, कातडी सोलून निघते. कोमट साबणाच्या पाण्यात हात बुडवून ठेवा आणि मधे पेन्सिल किंवा चमच्याची कड घालून हळूहळू लाटल्यासारखं सोडवा. बोटांपुरतं अॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर चालतं, पण ओठ आणि डोळ्याजवळ अजिबात नाही.

फारसं कोणाला माहीत नसलेली गोष्ट म्हणजे सूत आणि हा गोंद. सुती कपड्यावर, कापसावर, इअरबडवर सुपरग्लू जास्त सांडला की तो एकदम घट्ट होतो आणि त्यात इतकी उष्णता निघते की कपड्याखाली कातडी भाजते, कधी धूरही निघतो. घरात आपण सुती पायजमा किंवा जुना टीशर्ट घालूनच बसतो ना, म्हणजे मांडीवर ट्यूब फुटली तर नेमकं हेच. असं झालं तर कपडा ओढून काढायच्या आधी त्यावर भरपूर गार पाणी ओता, कपडा कातडीला चिकटला असेल तर तसाच ठेवून डॉक्टरांकडं. सांडलेला गोंद कापसानं पुसायला जाऊ नका. गॅप भरायला गोंदावर खायचा सोडा टाकतात, तेव्हाही तसंच गरम होतं, थोडा थोडा टाका आणि तोंड लांब ठेवा.

ट्यूबचं तोंड बंद झालं की लोक ती दाबतात आणि टाचणी घालतात, तोंडासमोर धरून. बूच सुटतं आणि चिळकांडी डोळ्यात. ट्यूब उभी, भिंतीकडं तोंड करून, चष्मा लावून टाचणी घाला आणि घालताना दाबू नका. डोळ्यात गेलाच तर लगेच वाहत्या कोमट पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, पापण्या चिकटल्या असतील तर जबरदस्तीनं उघडू नका, ओलं गॉज वर ठेवून नेत्रतज्ज्ञाकडं. पापण्या काही दिवसांत आपोआप सुटतात पण आत बुबुळाला ओरखडा आहे का हे त्यांनीच बघायला पाहिजे. अजून एक, आयड्रॉप आणि गोंद एका ड्रॉवरमध्ये कधीच नको, बाटल्या सारख्या दिसतात आणि रात्री झोपेत चुकीची उचलली जाते, अशा केसेस डॉक्टरांकडं खरोखर येतात.

वाफ, धूळ आणि आग

सीलिंग फॅन म्हणजे व्हेंटिलेशन नाही. फॅन खोलीतली तीच हवा फिरवतो, बाहेर काही जात नाही. पावसाळ्यात खिडक्या बंद, फॅन फुल, आणि आत लॅकर रंग (थिनरमध्ये पातळ करायचे, उग्र वासाचे रंग) मारताहेत, हे फार वाईट. हवा बाहेर टाकणारा एक्झॉस्ट लागतो आणि समोरून ताजी हवा यायला फट लागते. डोकं जड झालं, चक्कर आली, वास यायचाच बंद झाला म्हणजे आधीच खूप ओढलं गेलंय, उठा आणि बाहेर जा.

एन९५ मास्क धुळीसाठी आहे, थिनरच्या वाफेला तो काहीच अडवत नाही. लॅकर मारायचा असेल तर ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज (थिनरसारख्या वाफा शोषणारी डबी) असलेला रबरी हाफ मास्क घ्या, आणि कार्ट्रिज वापरून झाली की हवाबंद डब्यात ठेवा, उघडी ठेवली तर हवेतलंच शोषत बसते. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. अॅक्रिलिक रंगाला वास नाही म्हणून मास्क काढून मारणारे खूप आहेत, पण एअरब्रशमधून रंगाचे अगदी सूक्ष्म थेंब उडतात आणि ते छातीत जातातच, तेव्हा निदान एन९५ तरी लावा.

एनसी थिनरची (लॅकर रंगाचं नेहमीचं थिनर) वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि लांबवर जाते. देवघरातली समई, उदबत्ती, डासांची कॉइल, बाजूच्या खोलीतला गॅस, यातलं काही चालू असताना बाटली उघडायची नाही. संध्याकाळी दिवा लावायची वेळ आणि ऑफिसातून आल्यावर मॉडेल घेऊन बसायची वेळ एकच असते, म्हणून घरात आधी सांगून ठेवा. प्लास्टिक जोडायच्या पातळ गोंदाच्या उभ्या बाटल्या हमखास कलंडतात, एका जड लाकडी ठोकळ्यात बाटलीच्या मापाचा खड्डा करून घ्या. आणि भिंगाचा दिवा दिवसा झाकून ठेवा, खिडकीतून ऊन पडलं तर भिंगानं खालचा कागद पेटू शकतो.

रेझिनचे (साच्यात ओतून घट्ट केलेल्या द्रवाचे) पार्ट कोरडे घासू नका. पाण्यात बुडवून, वॉटर पेपरनं घासा, म्हणजे धूळ पाण्यातच राहते, आणि ते पाणी वाळायच्या आत मॅट पुसून घ्या. थ्रीडी प्रिंटरचं द्रव रेझिन असेल तर नायट्राइलचे (एक प्रकारचं कृत्रिम रबर) ग्लोव्हज, कारण त्याची अॅलर्जी एकदा बसली की सहसा आयुष्यभर राहते, पुढं अगदी थोडा स्पर्श झाला तरी पुरळ येतं. अंगावर पडलं तर कागदानं टिपून साबण-पाण्यानं धुवा, अल्कोहोलनं पुसू नका आणि धुवायच्या आधी उन्हात जाऊ नका, उन्हानं ते कातडीवरच घट्ट होतं.

ब्रशचं टोक जिभेवर करायची सवय असेल तर आजच सोडा. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या मुलींना ब्रश ओठांनी टोकदार करायला शिकवलं होतं, त्यातल्या कितीतरी जणींचे जबडे सडले आणि जीव गेले. आपल्या रंगात रेडियम नसतं, पण काही रंगांत कॅडमियम असतं, जुन्या धातूच्या फिगर्समध्ये आणि सोल्डरमध्ये शिसं असतं. चहाचा कप टेबलावर नकोच, ब्रश धुवायचा पेला त्याच्याशेजारी असतो. हात धुतल्याशिवाय खाऊ नका.

डोळे आणि फिरणारी हत्यारं

फोटोएचचे (पातळ पत्र्यावर रसायनानं कोरलेले बारीक पार्ट) पितळी तुकडे आणि निपरनं तोडलेले स्प्रूचे कण कुठंही उडतात. तोडताना वरून बोट किंवा टेपचा तुकडा ठेवा. नंबरचा चष्मा बाजूनं उघडा असतो, त्यावर बसणारे गॉगल हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळतात. डोळ्यात कण गेला तर चोळायचं नाही, पाण्यानं धुवायचं, तरी खुपत असेल तर डॉक्टर.

ड्रेमेलसारखं रोटरी टूल (हातात धरायचं, टोक गरगर फिरणारं छोटं मशीन) मिनिटाला ३०,००० च्या वर फिरू शकतं आणि कटिंग डिस्क किंचित तिरकी झाली की फुटते, तुकडे डिस्कच्या रेषेत येतात, म्हणून तोंड त्या रेषेत नको. प्लास्टिकवर सगळ्यात कमी स्पीड, नाहीतर प्लास्टिक वितळून बिटाला (फिरणाऱ्या टोकाला) गुंडाळतं आणि पार्ट हातातून हिसकावला जातो. ग्लोव्हज घालू नका, ओढणी, गळ्यातली चेन, मोकळे केस, लांब बाह्या आवरून बसा.

सोल्डरिंग आयर्नला जड स्टँड लागतो, आणि तेही पडताना झेलायचं नाही. चटका बसला तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. अंगठी लगेच काढा, बोट सुजल्यावर निघत नाही.

घरात लहान मूल असेल तर

इथं मात्र मी काहीच सवलत देणार नाही. पार्ट काढता-घालता यावेत म्हणून आपण निओडिमियमचे बारीक लोहचुंबक वापरतो, एलईडीला बटण सेल वापरतो. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधलं आतडं चिमटून भोक पडतं. बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजायला लागतं. मूल हसतंय-खेळतंय म्हणून थांबायचं नाही, उलटी करवायची नाही, १०८ ला फोन करा किंवा रिक्षा पकडा आणि लहान मुलांची एण्डोस्कोपी होते अशा मोठ्या हॉस्पिटलात जा, तसलाच दुसरा सेल किंवा चुंबक बरोबर न्या. चुंबक मोजून कुलपाच्या डब्यात ठेवा, काम संपल्यावर पुन्हा मोजा, एक कमी भरला तर सापडेपर्यंत मुलाला त्या खोलीत सोडू नका.

कचरा

वापरलेली ब्लेडं पिशवीत टाकली की ती कचरा वेगळा करणाऱ्यांच्या हातात घुसतात, आणि ते लोक बऱ्याचदा उघड्या हातानं काम करतात. पत्र्याचा किंवा जाड प्लास्टिकचा झाकणाचा डबा घ्या, झाकणाला चीर पाडा, ब्लेडं त्यातून टाकत जा, भरला की पूर्ण टेपनं गुंडाळा आणि वर मार्करनं ठळक "ब्लेड" लिहा. २०१६ च्या घनकचरा नियमांत सुया आणि रंगांचे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, ब्लेडंही त्याच हिशोबानं ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळी द्यायची. घंटागाडीवर डबा हातात देताना आत काय आहे ते तोंडानं सांगा. थिनर आणि कच्चं रेझिन बेसिनमध्ये ओतू नका. थिनरच्या चिंध्या बाल्कनीत पसरून पूर्ण वाळवा, रेझिनचे कागद आणि ग्लोव्हज उन्हात ठेवून कडक होऊ द्या, आणि मगच गुंडाळून त्या डब्याबरोबर द्या.